आलीच्या रंगाच्या दहा टोप्या

१

टोपी शिवणं हे हलकं काम, असं आमच्यातले कोट शिवणारे शिंपी म्हणतात. म्हणोत बापडे. कोट बिघडला तर दोन दोरे उसवून चालवून घेता येतो. टोपी एक तर डोक्यावर बसते, नाही तर बसत नाही. मी पंचवीस वर्षं टोप्या शिवल्या, आणि डोंगरकड्यापासून आखाडा बाळापूरच्या बाजारापर्यंत माणिक शिंप्याची टोपी लांबून ओळखू यायची. याचा मला तेव्हा गर्व होता, आजही आहे.

डोक्याचं माप मी टेपनं घेत नसे. सुताचा दोरा कपाळावरून मागे फिरवायचा, टोकं जुळतील तिथं गाठ मारायची, गाठीत त्या माणसाच्या जुन्या कपड्याची चिंधी अडकवायची आणि दोरा खुंटीला टांगायचा. सकाळी दुकानाच्या फळ्या काढल्या की खुंटीवर कोणकोण लटकलंय ते बघायचं आणि मशीनवर बसायचं. माझी बायको द्वारका म्हणायची, "सारा गाव टांगून ठेवलाय तुमी."

१९४८ च्या आषाढात व्यंकटराव दुकानात आले. देश स्वतंत्र होऊन वर्ष होत आलं होतं आणि आम्ही अजून निजामाच्याच राज्यात होतो. व्यंकटराव मोठ्या लढाईत विमानातून छत्री बांधून उड्या मारायचे. गावाला ते खरं वाटत नव्हतं, पण त्यांच्या डोक्यावर तिकडची टोपी होती. गोल, चपटी, डाळिंबाच्या सालीसारखी तांबडी, उजव्या कानावर उतरलेली. पैनगंगेच्या पलीकडे, हिंदुस्थानच्या हद्दीत, त्यांनी दहा जण जमवले होते. नदीवरचा निजामाचा करोडगिरी नाका, म्हणजे जकातीचा, उठवायचा, एवढंच त्यांचं काम.

"माणिक, असल्या धा टोप्या पायजेत," ते म्हणाले.

"बंदुका किती हायेत तुमच्याकडं?"

"तीन."

"बंदुका तीन आन् टोप्या धा! काहून?"

त्यांना राग आला नाही. त्यांनी आपली टोपी काढून माझ्या हातात दिली. "बंदूक हातातून पडती. टोपी डोक्यावर ऱ्हाती. एका रंगाच्या टोप्या घातल्या की पळून जायच्या आधी माणूस धा बार इचार करतो. म्या पाह्यलंय. अन् एक सांगून ठेवतो, ज्याच्या डोक्यावर टोपी न्हाई, त्याला माझ्या रांगेत जागा न्हाई. मग तो कोनाचा का भाऊ असंना."

हे मला उद्देशून होतं. त्या दहांत माझा धाकटा भाऊ संतराम होता. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. त्याला मी भरवलं, न्हाऊ घातलं आणि बावीस वर्षांचा केला. त्यानं मला न विचारता नदी ओलांडली तेव्हा मी दोन दिवस जेवलो नाही, आणि तिसऱ्या दिवशी बाजारात छाती काढून फिरलो.

२

असली टोपी मी आयुष्यात शिवली नव्हती. व्यंकटरावांची टोपी आतून-बाहेरून बघितली, तसलं जाड कापड आमच्याकडे कशाचं मिळेल याचा विचार केला. धनगराकडून पांढऱ्या लोकरीची घोंगडी आणली. ऊन पाण्यात घालून द्वारकेनं ती दोन दिवस चोळली, बडवली, तेव्हा ती आटून घट्ट झाली. मग मी चकत्या कापल्या, कडेला पट्टी लावली.

रंगाचा प्रश्न चतुराबाईनं सोडवला. ती रंगाऱ्याची विधवा, सत्तरीची. आल नावाच्या झुडपाच्या मुळ्यांपासून लाल रंग काढायची विद्या तिच्या सासऱ्याबरोबर संपली, असं सगळे समजत होते. विलायती पुड्या आल्यावर आल कोण विचारतो? पण म्हातारीनं बांधावर जाऊन स्वतः मुळ्या खणल्या, कुटल्या, तुरटीत उकळल्या. रंग उतरला तो व्यंकटरावांच्या टोपीपेक्षा एक छटा गडद.

"ह्यो रंग धुऊन जात न्हाई," म्हातारी म्हणाली. "मानूस जाईल, रंग न्हाई जायचा." बोलून गेल्यावर तिनंच जीभ चावली आणि तुरटीचं भांडं उचलून घरी गेली.

ओल्या टोप्यांना डोक्याचा आकार यावा म्हणून मी मागच्या खोलीत फळीवर दहा गाडगी पालथी घातली. व्यंकटरावांनी दहा जणांच्या मापाचे दोरे चिंध्यांसकट आणून दिले होते, त्यावरून गाडगी निवडली होती. प्रत्येकावर एक टोपी चढवली आणि व्यंकटरावांच्या टोपीसारखी प्रत्येक टोपी उजवीकडे उतरवली. त्या खोलीला परसाकडे एक दार होतं आणि वर हातभर झरोका. झरोक्यातून पावसाळी उजेड यायचा, आणि त्या उजेडात फळीवर दहा जण रांगेनं बसल्यासारखे दिसायचे. द्वारकेनं दारातून पाहिलं आणि ती म्हणाली, "लई झोकात दिसून राहिले." मलाही भरून आलं. माझ्या हातून फौज तयार झाली होती.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी चौथी टोपी डावीकडे उतरलेली होती.

मांजराचं काम म्हणून मी ती उजवीकडे केली आणि दार ओढून घेतलं. दुपारी पाहिलं तर पुन्हा डावीकडे. झरोक्यापर्यंत तर मांजर पोचत नाही. लोकर वाळताना ओढली जाते, एका बाजूला पीळ जास्त असेल, अशी मी मनाची समजूत घातली. शिंप्याला कापडाची खोडी माहीत असते. तिसऱ्यांदा टोपी सरळ करताना मात्र मी तिचं माप खुंटीवरच्या दोऱ्यांशी लावून पाहिलं. गाठीत निळ्या पट्ट्यांची चिंधी होती. संतरामचा दोरा.

संतराम लहानपणापासून टोपी डाव्या कानावर घालतो. त्यासाठी मी त्याला किती वेळा रागावलो होतो. आठवण झाली आणि मी एकटाच हसलो, पण ते हसू काही टिकलं नाही.

दुपारी मी मशीनवर बसलो. पाय चालू लागले तसा मागच्या खोलीतून आवाज येऊ लागला. मातीच्या जमिनीवर पाय आपटावेत तसा, माझ्या पायाच्या तालात. मशीनच्या हादऱ्यानं गाडगी फळीवर वाजत असणार, दुसरं काय? मी पाय थांबवला. आतला आवाज एक ठोका जास्त वाजून थांबला.

मी मशीन ओढून ओसरीच्या टोकाला नेलं. तिथून हादरा आत जाणं शक्य नव्हतं. पाय चालवले, थांबवले. एक ठोका जास्त.

"पाऊस पडून राहिला का परसात?" द्वारकेनं चुलीपासून विचारलं.

"गाडगी वाजतेत."

"गाडग्यांना पाय कव्हापासून फुटले?" ती म्हणाली. थट्टेनंच म्हणाली, पण उठून माझ्याजवळ येऊन बसली.

४

चौथ्या दिवशी नऊ टोप्या अजून दमट होत्या. पावसाळ्यात लोकर लवकर वाळत नाही. चौथी मात्र कोरडी होती आणि आत हात घातला तर कोमट लागली.

मी ती झरोक्याखाली नेली. आतल्या पट्टीवर घामाची पांढरी रेघ होती. ही रेघ मला चांगली ठाऊक आहे. टोपी महिनाभर रोज वापरली, उन्हातून, धावपळीतून वापरली, तेव्हा ती उमटते. तेलाचा वास होता, करडईच्या. ही टोपी अजून कुणाच्या डोक्यावर चढलेली नव्हती.

मग बोटाला रफू लागलं.

डाव्या कानाच्या जरा वर, करंगळी जाईल एवढं भोक पडलेलं, आणि ते काळ्या दोऱ्यानं सफाईनं भरलेलं. रफू संपवताना मी दोऱ्याला दुहेरी फास घालतो आणि तो आतल्या बाजूनं डावीकडे दाबतो. वडिलांनी शिकवलं तसं. आमच्या भागात दुसरं कोणी तसं करत नाही. इथं तोच फास होता, तसाच डावीकडे दाबलेला. ते काम माझ्या हातचं होतं आणि मी ते केलं नव्हतं.

मी द्वारकेला हाक मारली. वेड लागत असेल तर निदान दुसऱ्या कुणाला तरी कळावं. तिनं टोपी हातात घेतली, आत-बाहेर पाहिली.

"कोनी घातली ही?"

"कोनीच न्हाई."

तिनं रफूवरून बोट फिरवलं. "हा तर तुमचा टाका हाय." मग ती माझ्याकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरले. "भोक कशाचं हाय हो?"

दोघांनाही ते कळलं होतं. मी टोपी परत गाडग्यावर ठेवली. खोलीत ठेवायची भीती वाटत होती आणि खोलीबाहेर आणायची त्याहून जास्त.

"त्याला देऊ नका ही," द्वारका म्हणाली. "रंगात बिघडली म्हना. टोपी न्हाई तर रांगेत जागा न्हाई, व्यंकटरावच तर म्हनलेत. घरी ऱ्हाईल लेकरू."

५

तीन दिवस मी तेच ठरवून होतो. गावात तोंड दाखवायला लाज वाटेल, संतराम जन्मभर माझ्याशी बोलणार नाही, पण जिवंत राहील. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. त्या तीन दिवसांत मी संतरामला शंभर वेळा मारला आणि शंभर वेळा वाचवला.

तिसऱ्या दिवशी, पोळ्याचे बैल ओढ्यावरून धुऊन परतत होते तेव्हा, माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. मी सुई ठेवून द्वारकेकडे गेलो.

"अगं, मेलेल्या माणसाची टोपी कोन रफू करतं?"

तिनं पुरण वाटता वाटता हात थांबवला.

"इचार कर. पंचवीस वर्सं झाली, मेलेल्याचा कपडा कोनी आनलाय माझ्याकडं शिवायला? रफू करायचं ते पुन्हा घालायला. गोळी टोपीला लागनार, त्याला न्हाई. तो टोपी घेऊन माघारी येनार, मी शिवून देनार. म्हनून तर माझा टाका हाय!"

शिंप्याच्या अकलेला यापुढे काही दिसलं नाही. मला तो विठ्ठलाचा कौल वाटला. डोळ्यांतून पाणी आलं, इतका आनंद झाला. द्वारका नुसती पुरणाची परात पुढे ओढून बसून राहिली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी व्यंकटराव आणि दहा जण परसातून आत आले. एकेकाला मी माझ्या हातानं टोपी घातली. तांड्यावरचा थावरा टोपी घातल्यावर दोन बोटं उंच झाल्यासारखा वाटला. म्हणाला, "आता आमचं डोकं कोनासमोर वाकनार न्हाई, दादा." ही खोली कधी एवढी भरलेली मी पाहिली नव्हती. कालपर्यंतची शेतकऱ्यांची, मजुरांची पोरं, आणि समोर एक पलटण उभी होती.

संतराम शेवटी आला. मी चौथ्या गाडग्यावरून टोपी उचलली आणि सवयीनं बोट कानाच्या वर फिरवलं.

रफू नव्हतं.

मी टोपी उलटी केली. घामाची रेघ नव्हती, तेलाचा वास नव्हता. कोरी, दमट, बाकीच्यांसारखीच टोपी. मी पुन्हा पुन्हा चाचपत राहिलो. ज्याच्या भरवशावर मी भावाला जाऊ देत होतो, तेच गेलं होतं.

"दादा, काय बघून राहिला? दे की," संतराम हसत म्हणाला. सगळे हसले. त्यानं टोपी माझ्या हातातून घेतली आणि घातली, डाव्या कानावर. व्यंकटरावांनी ती उजवीकडे ओढली. मी ओरडायला हवं होतं. काय ओरडणार होतो? डोळ्यांना भास झाला होता आणि आता तो गेला, याचा कोणी शहाणा माणूस आनंदच मानेल.

६

भाद्रपदात हिंदुस्थानची फौज निजामाच्या हद्दीत शिरल्याची खबर आली. त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळचे नऊ-दहा वाजले असतील, एक गुराखी धावत गावात आला. आलवाल्यांनी पहाटे नाका घेतला, वर झेंडा लागला, ते गावाकडं येऊन राहिले! लोक त्यांना तोवर आलवालेच म्हणू लागले होते. बायका आरत्या घेऊन वेशीकडे निघाल्या. चतुराबाई काठी टेकत सगळ्यांच्या पुढे होती. "माझा रंग हाय," असं ती भेटेल त्याला सांगत होती.

मी पटका बांधत होतो, तेवढ्यात मागच्या खोलीतून हाक आली.

"दादा."

संतराम फळीजवळ खाली बसला होता, भिंतीकडे तोंड करून. डोक्याला उपरणं गुंडाळलेलं. परसाचं दार उघडं होतं. मी त्याला मागून मिठी मारली आणि लहान मुलासारखा रडलो. त्याचे कपडे दवानं ओले होते आणि अंग गार होतं.

"लागलं का तुला?"

"टोपीला लागलं," तो म्हणाला आणि मागे हात करून टोपी दिली. "एवढं शिवून दे. सारे वेशीत येतील. फाटक्या टोपीनं रांगेत कसा हुभा राहू?"

डाव्या कानाच्या वर करंगळीएवढं भोक. माझं म्हणणं खरं झालं होतं! मी द्वारकेला ओरडून सांगितलं, "ये, बघ, आला तुझा दीर. वाढ त्याला." तिनं दारातून भाकर आणि पिठलं आत सरकवलं. ती आत आली नाही. मी सुईत काळा दोरा ओवला.

हात सराईत असले तरी ते रफू मी घाईनं केलं नाही. एक एक धागा उचलला. दुहेरी फास घातला, डावीकडे दाबला, दोरा दातानं तोडला. मग टोपी झरोक्याकडे धरली, काम बघायला. आणि उजव्या बाजूनं उजेड दिसला.

उजव्या बाजूला दुसरं भोक होतं, पहिल्याहून मोठं, कडा बाहेर आलेल्या. त्या दिवशी डावीकडचं रफू लागल्यावर मी उजवीकडे बोट फिरवलंच नव्हतं. मी दोन्हींवर दोन बोटं ठेवली. ती एकमेकांच्या बरोबर समोर येत होती.

माझ्या मागे तो जेवत होता. भाकरी मोडल्याचा आवाज येत होता. मी मान वळवली नाही. वळवली असती तर काय दिसलं असतं, ते मी आजवर मनातसुद्धा नीट आणलेलं नाही. मी दुसऱ्यांदा दोरा ओवला. शिवताना एकदा वाटलं, फासच घालू नये, दोरा तोडूच नये. काम पुरं होईपर्यंत तो इथंच बसेल.

"दादा, झालं का? माझ्यासाठी खोळंबतील."

त्याचा आवाज लहानपणी शाळेला उशीर व्हायचा तेव्हासारखा होता. मला नाही म्हणता आलं नाही. मी फास घातला, दोरा तोडला, आणि टोपी न वळता मागे धरली. हातातून ती उचलली गेली. मग परसाचं दार वाजलं.

७

वेशीत मी पोचलो तेव्हा हलगी थांबली होती. व्यंकटराव पुढे, मागे टोप्या घातलेले नऊ जण, आणि त्यांच्या मधोमध बैलगाडी. गाडीत कडब्यावर संतराम. डोळे मिटलेले, डोक्यावर टोपी.

"पहाटं पडला," व्यंकटराव म्हणाले. "झेंडा त्यानंच बांधला, माणिक. वर चढून बांधला. खाली उतरताना गोळी आली. तव्हापासून गाडीतच हाय, म्या क्षणभर नजर काढली न्हाई." ते टोपी नीट करायला वाकले आणि त्यांचा हात तिथंच थबकला. त्यांनी डावी बाजू चाचपली, मग उजवी. "इथं भोक होतं. माझं बोट गेलं होतं त्यात. कोनी शिवलं हे?"

"मी," मी म्हणालो.

"कव्हा?"

मी टोपीकडे बघत होतो. उजवीकडचा फास अजून ओला होता. माझ्याच तोंडचा ओलावा.

"आत्ताच तर जेवून गेला," माझ्या मागून द्वारका म्हणाली. "ताट सुदिक उचललं न्हाई म्या."

व्यंकटरावांनी टोपी तशीच नीट बसवली. ते ताठ झाले. त्यांनी नऊ जणांना गाडीच्या दोन्ही बाजूंना रांगेत उभं केलं आणि सगळ्यांनी एकदम सलाम ठोकला. बायका रडत होत्या, चतुराबाई जमिनीवर बसली होती. मला रडू आलं ते नंतर, रात्रभर आलं. आधी मला गर्व वाटला, आणि तो मी लपवणार नाही. माझा भाऊ मेल्यावरसुद्धा फाटक्या टोपीनं रांगेत यायला तयार नव्हता.